बसच्या जागेवर दोन विटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी मधेच थांबणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीची जुळत आलेली सोयरीक मी स्वतःच्या तोंडानं मोडायला निघालो होतो. आणि कारण काय? हुंडा? पत्रिका? छे! अमेरिकेतल्या बसगाड्या!

झालं असं. ताईला हूस्टनच्या मुलाचं स्थळ आलं. आमच्या मोठ्या मामांनी आणलेलं. मुलगा तिकडे इंजिनीअर, घर इकडचंच, मंगरूळपीरचं. दोन महिने दोघं व्हिडिओ कॉलवर बोलत होते. फोन ठेवला की ताई विनाकारण झाडू घेऊन आधीच स्वच्छ असलेलं घर झाडायची. म्हणजे मुलगा पसंत होता.

मला शहर पसंत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तुला विचारलं कोणी? कोणीच नाही! पण मी पडलो एसटीचा माणूस. कॉलेजात असताना बसच्या फेऱ्या वाढवा म्हणून मी घरोघर सह्या गोळा केल्या आहेत. माझं ठाम मत आहे, जिथं बस येते तिथं माणूस मोकळा. जिथं येत नाही तिथं तो कैदी. म्हणून मी इंटरनेटवर बसून एक वहीच तयार केली. अमेरिकेतली पाच मोठी शहरं, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण.

न्यूयॉर्कची खोली खुराड्याएवढी, पण जमिनीखालची रेल्वे चोवीस तास चालू, म्हणून नऊ. शिकागोत हाडं गोठतात, पण लोखंडी खांबांवरून लोकांच्या खिडक्यांजवळून गाडी धावते. आठ. सॅन फ्रान्सिस्कोचं घरभाडं ऐकूनच घेरी येते, तरी चढावर ट्राम आहे. सात. लॉस एंजेलिसचं नाव सिनेमामुळे आणि हाल रहदारीमुळे. चार. आणि हूस्टन? घरं ऐसपैस, ऊन आपल्या मे महिन्यासारखं, आणि कोथिंबिरीची जुडी आणायलाही कार काढायची. दोन!

आता आमच्या ताईचं सांगतो. ती स्कुटीवर मागं बसली तरी डोळे मिटून घेते. अशी मुलगी त्या शहरात काय करणार? चार भिंतींत बसून नवऱ्याची वाट बघणार! हा विचार आला की मी ताटावरून उठून वही उघडत होतो. देवाशपथ.

मुलाचे वडील घर पाहायला येणार होते. आमच्याकडे मुलाच्या बापानं मुलीच्या घरचा चहा घेतल्याशिवाय बोलणी पुढं सरकत नाहीत. त्या सकाळी ताईनं मला दारात अडवलं.

"आज तू एक शब्द जरी बोलला ना, तर जन्मभर तुह्याशी बोलणार नाइ मी."

ती चिडली असती तर मी भांडलो असतो. पण ती घाबरली होती हो! मी मान डोलावली.

बाबा म्हणाले, "पाहुणे साडेदहाले येतील. एकटेच येऊन राह्यले. तू स्टँडवर जाऊन उभा राह्य, गल्लीत चुकतील ते."

कशानं येणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? हूस्टनवाल्याचा बाप! मोठी पांढरी कार असणार, काळ्या काचांची.

आमचं वाशीमजवळचं शिरपूर तुम्हाला माहीत आहे. मंदिरात आलेल्या लोकांच्या गाड्यांनी स्टँडसमोर सायकल लावायलाही जागा नसते. नशिबानं एक मोकळी जागा दिसली. छान, सावलीतली, झाडाच्या कट्ट्याला लागून. मी कुठूनतरी दोन विटा आणल्या आणि पाहुण्यांच्या कारसाठी ती जागा अडवून ठेवली.

ती जागा मोकळी का होती, हा प्रश्न मला पडला नाही. उत्तर पाच मिनिटांत हॉर्न वाजवत आलं.

"ओ भाऊ!" एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढलं. "विटा कायले मांडल्या? चूल पेटवतं काय इथी?"

"दोन मिनिटं! आमच्या पाहुण्यांची कार येऊन राह्यली!"

"मंग मी बस काय डोक्यावर घेऊन उभा राहू?"

मी विटांपुढून हललो नाही. शेवटी बस पन्नास पावलं पुढं, भर उन्हात थांबली. लोक शिव्या घालत उतरले. पांढऱ्या पायजम्यातला एक म्हातारा कापडी पिशवी सांभाळत, घाम पुसत माझ्याजवळ आला आणि कट्ट्यावर टेकला.

"कोणाची वाट पाहून राह्यला गा बाबू?"

ताईला दिलेला शब्द घरापुरता होता, नाही का? अनोळखी म्हाताऱ्याशी बोलायला काय हरकत! मी दोन महिन्यांचा तुंबलेला होतो. धरण फुटलं.

"मुलाचा बाप येऊन राह्यला माह्या ताईचं घर पाहायले. पोरगा अमेरिकेत, हूस्टनले."

"अरे वा! चांगलं शयर हाय म्हंतात."

"कायचं चांगलं, काका? बस नाइ तिथी! न्यूयॉर्क असतं, शिकागो असतं, मी सोता ताईले विमानात बसवून आलो असतो." मग मी त्यांना पाचही शहरं ऐकवली. गुणांसकट.

म्हातारा अगदी मन लावून ऐकत होता. "आन बाप कसा हाय पोराचा?"

"पाह्यला नाइ अजून. पण समजते ना! काच खाली करून पत्ता विचारणारा असन. असल्या लोकायनं जन्मात एसटीचं तिकीट फाडलं नसन."

त्यांना जोराचा ठसका लागला. मी माझी पाण्याची बाटली दिली. तेवढं एक पुण्य माझ्या नावावर आहे, लक्षात ठेवा.

"मंग आता कसं करतं तू?"

"मोडतो!" मी म्हणालो. "चहा झाला की वही काढतो आन बापाच्या तोंडावर विचारतो, सांगा, माही ताई तिथी पायी कुठी जाईन?"

तेवढ्यात मामांचा फोन आला. मामा मानोऱ्याहून मोटरसायकलवर निघाले होते आणि वाऱ्यावर मात करायला ओरडत होते. फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"भेटले काय बे गुलाबभाऊ? येसटीनं आले ते! पांढरा पायजमा, हातात कापडी पिशवी! कंडक्टर होते ना जन्मभर, दुसऱ्या कशात बसतच नाइत!"

मी पायजम्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे. मग विटांकडे.

गुलाबराव उठले, माझी बाटली झाकण लावून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चाल बाबू. घर दाखव."

स्टँडपासून आमचं घर सहा मिनिटांवर आहे. ती सहा मिनिटं मला अजून पुरतात. मी दोनदा "काका, ते..." म्हणालो. दोन्ही वेळा त्यांनी फक्त "समोर पाह्य, गाय हाय," एवढंच सांगितलं.

घरी पाणी झालं, पोहे झाले, चहा आला. ताई ट्रे घेऊन दाराशी उभी राहिली. बाबांनी विचारलं, "घर सापडायले तरास तर नाइ झाला ना?"

"नाइ नाइ. पोरगा होता ना तुमचा. लय माहिती देल्ली त्यानं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तसं बघणं तुमच्या वाट्याला कधी येऊ नये!

गुलाबरावांनी कप खाली ठेवला. "पोरी, एकच इचारतो. कार चालवता येते तुले?"

संपलं. मी डोळे मिटले.

"शिकून राह्यली," ताई म्हणाली. "महिना झाला, वाशीमले क्लास लावला."

मी उडालोच. "मले काहून नाइ सांगितलं?"

"तू वही काढली असती."

गुलाबराव खो खो हसले. मग माझ्याकडे वळले. "मी सहा महिने राह्यलो हूस्टनले. बस हाय तिथी. आमच्या बाजूनं तासातासानं येते, पण येते. मह्यासारखा म्हातारा दिसला की पायरी खाली वाकवते. पण कंडक्टर नाइ ना बाप्पा! तीस वर्सं घंटी मारली मी. पयल्या दिवशी कोणी घंटी मारन म्हणून बसलो, तर पार शेवटच्या ठेसनापर्यंत गेलो. दोरी आपणच ओढा लागते म्हणून मंग समजलं. किती गुण देल्ले तू हूस्टनले?"

"दोन," मी पुटपुटलो.

"तीन कर."

मग ते बाबांकडे वळले. "आमच्याकून पक्कं समजा. फक्त एक अट हाय."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. ताईनं दाराची चौकट धरली.

"वऱ्हाड येसटीनं येईन," गुलाबराव म्हणाले. "त्या दिवशी या पोराले तेवढं घरात कोंडून ठेवा. नाइतर नवरदेवाले पन्नास पावलं पुढं उतरा लागन."