शिगेनोनं रोवलेली काठी

तोमिएचा संशय ज्याच्यावर नाही असं माणूस जपानच्या किनाऱ्यावरच्या कोनोउरा गावात शोधून सापडलं नसतं. त्सुनामीत अर्धं गाव गेलं, बर्फाचा कारखाना बंद पडला, शाळेला कुलूप लागलं. उरल्या त्या समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या डझनभर म्हाताऱ्या. त्यांतली एकाहत्तर वर्षांची तोमिए सगळ्यांत तरबेज आणि सगळ्यांत तिरसट.

कारण तिच्याकडे पाण्याखालचा एक खडक होता, मोठमोठ्या आवाबी शिंपल्यांनी भरलेला. पाण्यातून पाहताना दीपस्तंभ बेटामागे लपला आणि टेकडीवरचं वाकडं पाइनचं झाड देवळाच्या छपराच्या नेमकं वर आलं, की खाली तो खडक. आईनं चौदाव्या वर्षी दिलेली ही खूण. नवरा बिचारा ती न कळताच वर गेला.

हिवाळ्यात पाइनला कीड लागली आणि देवळाच्या लोकांनी ते तोडलं. तोमिएला रडायचीही चोरी, रडली असती तर खूण फुटली असती.

मे महिन्यात, बुड्या सुरू व्हायच्या आदल्या दुपारी, तिला टेकडीवर शिगेनो दिसली. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात ती लाल फडक्याची उंच काठी रोवत होती. चाळीस वर्षं शेजारी बुडी मारलेली मैत्रीण, कानातून रक्त यायला लागल्यापासून घरी बसलेली.

ती उतरताच तोमिएनं वाट अडवली. "वर काय गं करत होतीस?"

"वारा खात होते."

"काठी घेऊन?"

"या वयात काठी लागतेच की," शिगेनो हसून चालती झाली.

तोमिएच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिगेनोची सून माकी यंदा पहिल्यांदाच पाण्यात उतरणार होती. म्हणजे या भवानीनं खूण चोरली, ती सुनेसाठी! तोमिए तडक वर गेली, काठी उपटली आणि बांबूच्या बेटात भिरकावली. मग कुठे तिला बरं वाटलं.

सकाळी मच्छीमार सोसायटीच्या कचेरीवर बुड्यांच्या परवानगीचा पांढरा झेंडा चढला. तो उतरेपर्यंत दोनच तास. तोमिएनं दीपस्तंभ बेटामागे घेतला, पण देवळाच्या छपरावर नुसतं आभाळ. बुडी मारली, तर वाळू. पुन्हा वाळू. माकी तिकडे किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यात बायकांचे टोमणे खात शिकत होती. या बाजूला ती फिरकलीसुद्धा नव्हती. ती काठी माकीसाठी नव्हतीच.

तिनं पुन्हा टेकडीकडे पाहिलं. बुंध्यावर कुणीतरी उभं होतं, दोन्ही हात वर करून, हातांत लाल फडकं ताणून. तोमिए पोहत सरकत गेली. फडकं छपरावर आलं. तिनं बुडी मारली आणि हात खडकाला लागला.

झेंडा उतरेपर्यंत ते फडकं हललं नाही.

दुपारी शेकोटीपाशी तोमिए आणि शिगेनो दोघीच उरल्या. लाजेनं तोमिएला मान वर करवेना. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"झाली तीस वर्षं."

"आणि एकदाही..."

"तुझा खडक ना तो."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"बोलले असते, तर तुला झोप लागली असती?" शिगेनो दंड चोळत म्हणाली. "हात भरून आलेत माझे. बांबूत अडकलेली काठी मला निघेना, नुसतं फडकंच हाती आलं. उद्या झेंडा चढायच्या आधी ती काढ आणि होती तिथे रोव."