अकरा वेळा ओढलेलं कुलूप

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत शहरात कर्फ्यू लागायचा, तेव्हा घराबाहेर पडताना दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहायची सवय मला लागली. पुढं शहर शांत झालं, माझं ओढणं मात्र, वाटेतून परत फिरून फिरून, अकरा वेळांवर गेलं. एका महिन्यात चारदा कंपनीची बस चुकली आणि साहेबांनी नोकरी जाईल अशी ताकीद दिली.

शाळेत शिकवायला निघालेली बायको म्हणाली, "अहो, गावातला कर्फ्यू कधीच उठला. तुमच्या कुलपाचा कधी उठायचा?" मी हसलो, पण त्याच दिवशी डॉक्टर शोधायला निघालो.

पहिल्या डॉक्टरांनी "मनावर घेऊ नका" म्हणून टॉनिक दिलं. गुलमंडीजवळच्या समुपदेशक बाईंनी आधी विचारलं, "रोज किती वेळा ओढता?"

"अकरा."

बाई हसल्या नाहीत. "मग या आठवड्यात दहा."

मी कारखान्यात माल मोजून तपासणारा माणूस. हे मला लगेच पटलं. दर बुधवारी त्यांच्याशी तासभर बोलायचो आणि आठवड्याला एक ओढणं कमी करायचो.

दहाव्या आठवड्यात एकदाच कुलूप ओढून थांब्यावर पोचलो. बस अजून यायची होती. आली, तेव्हा मला आधीच उभा पाहून ड्रायव्हरनं स्वतःचं घड्याळ कानाला लावलं.