मफिनचे शेवटचे नऊ दिवस

वेलचेरी स्टेशनच्या मागच्या गल्लीत जनावरांचा एक खासगी दवाखाना आहे. सीतालक्ष्मी तिथे बावीस वर्षांपासून मदतनीस होती. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, पिंजरे साफ करणं ही तिची रोजची कामं. पण डॉक्टर मुरली तिला आवर्जून हाक मारत ती शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी, जनावर धरायला. कारण तोवर मालक बाहेर गेलेले असायचे.

या बाहेर जाणाऱ्यांची तिला किळस होती. ज्या कुत्र्याने बारा-बारा वर्षं यांच्या पावलांचा आवाज ओळखला, त्याला परक्या बाईच्या हातात सोपवून ही माणसं गाडीत एसी लावून रडत बसायची. "आम्हाला बघवत नाही," म्हणायची. कुत्रं मात्र डोळे मिटेपर्यंत दाराकडे बघत राहायचं. दुसरी तऱ्हा तिला त्याहून नकोशी वाटे. "देव नेईल तेव्हा नेईल," म्हणत कण्हणाऱ्या जिवाला महिनाभर सलाईनवर लटकवून ठेवणारे. आपण किती प्रेमळ, हे स्वतःलाच दाखवायची हौस, दुसरं काय. डॉक्टरांनाही ती मनातून सोडत नसे. "तुम्ही योग्य निर्णय घेतलात," हे वाक्य ते प्रत्येकाला एकाच सुरात ऐकवत.

एका शनिवारी सकाळी आशिष आणि ऊर्मी नावाचं जोडपं चौदा वर्षांचा लॅब्रेडॉर घेऊन आलं. दोघं मूळची पुण्याची, इथे तमिळ मुलखात आयटीत. कुत्र्याचं नाव मफिन. खायच्या वस्तूचं नाव जिवंत प्राण्याला ठेवणारी माणसं कशी असणार, हे सीतालक्ष्मीने तिथेच ठरवून टाकलं.

आशिषने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, की कुत्रा फार यातनेत आहे, आता त्याला मोकळं करा. डॉक्टर कागद आणायला आत गेले. सीतालक्ष्मी मफिनला टेबलावर घेऊन त्याचे मागचे पाय चाचपत होती. सांधे आखडले होते, पण दाबल्यावर तो ओरडत नव्हता.

"विचारलं तर चार दिवस काही खाल्लं नाही म्हणून सांग," ऊर्मी नवऱ्याला मराठीत म्हणाली.

"सकाळी तर अंडं खाल्लंय त्याने."

"त्यांना काय कळतंय? पुण्याच्या नव्या घरात हा सगळीकडे मुतत फिरला तर तुझी आई ठेवून घेणार आहे का?"

सीतालक्ष्मीचे पूर्वज तंजावरला येऊन किती पिढ्या झाल्या, ते तिच्या घरात कुणी मोजत नसे. पण चुलीपाशी बोलायची भाषा मराठीच होती. ती आत गेली आणि आपल्या डब्यातला दहीभात वाटीत घेऊन आली. मफिनने वाटी चाटून लख्ख केली आणि मग तिचे हातही चाटले.

डॉक्टर कागद घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना तमिळमध्ये सगळं सांगितलं. मग त्या दोघांकडे वळून ती म्हणाली, "मीही मराठीच. तुम्ही बोललेलं मला अवघं समजतं."

तिचा तमिळ हेल ऐकून ऊर्मी क्षणभर गोंधळली. मग जरा चिडून म्हणाली, "मग आधीच सांगायचं ना."

लाज वाटण्याऐवजी बाई उलट तिलाच जाब विचारत होती. सीतालक्ष्मीला नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायला साफ नकार दिला. "यांना नको असेल तर मी नेते," ती म्हणाली. आशिषचा चेहरा इतका झरकन मोकळा झाला, की तिला त्याच्याकडे बघवेना. जाताना ऊर्मीने तिचा नंबर घेतला आणि दोघांचे तिला दिले. "फोटो पाठवत जा हं, मावशी." पाच महिन्यांत त्यांनी एकदाही विचारपूस केली नाही.

सीतालक्ष्मीचं घर दोन खोल्यांचं. मुलगी रंजनी कॉलेजातून आली की आधी फरशी पुसायची आणि मग कुरकुरायची. तरी मफिन झोपायचा तो तिच्याच पायाशी. सीतालक्ष्मी त्याला 'राजा' म्हणू लागली, आणि तो त्या नावालाही मान वर करायचा.

सहाव्या महिन्यात त्याची किडनी गेली. तोंडाला घाण वास येऊ लागला, पाणीसुद्धा पोटात ठरेना. डॉक्टर मुरली म्हणाले, "सीताम्मा, वेळ झाली."

"उद्या बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. तिने घरी सलाईन लावलं. पातळ पेज सिरिंजने त्याच्या तोंडात ढकलली. ती तशीच बाहेर आली. आठव्या दिवशी ती रंजनीला म्हणाली, "आज शेपूट हलवलं त्याने. मी पाहिलं."

रंजनी तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "अम्मा, असं म्हणणाऱ्यांची नक्कल तू रोज घरी येऊन करून दाखवायचीस."

त्या दुपारी सीतालक्ष्मीने मफिनकडे बघितलं, दवाखान्यात दुसऱ्याच्या जनावराकडे बघायची तसं. बरगड्या वर आलेल्या, हिरड्या पांढऱ्या, श्वास घेताना बारीक कण्हणं. ते कण्हणं आठवडाभर चालू होतं. बावीस वर्षं कान तयार असलेल्या बाईला ते ऐकू आलं नव्हतं, कारण तिला ते ऐकायचं नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली.

नवव्या दिवशी सकाळी तिने त्याला रिक्षातून दवाखान्यात नेलं. धरायला दुसरी मदतनीस जयंती पुढे आली, तिला तिने मागे सारलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. त्याचं डोकं तिच्या कोपरात होतं. दाराकडे बघायचं त्याला काही कारण नव्हतं. श्वास थांबल्यावर डॉक्टर सवयीने म्हणाले, "तुम्ही योग्य—"

"नऊ दिवस उशिरा," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुढचे शब्द गिळले.

संध्याकाळी तिने आशिषला निरोप पाठवला. उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं. तासाभरात ऊर्मीच्या स्टेटसवर मफिन पिल्लू असतानाचा फोटो झळकला, मागे इंद्रधनुष्य, खाली इंग्रजीत चार ओळी. सीतालक्ष्मीने फोन रंजनीपुढे धरला. "काय लिहिलंय?"

रंजनीने वाचलं आणि सांगितलं, "शेवटच्या श्वासापर्यंत तू आमच्याच कुशीत होतास, असं."

सीतालक्ष्मीने ते दोन्ही नंबर पुसून टाकले आणि मफिनचं अंथरूण भिजत घातलं.

माणसांबद्दलचं तिचं मत त्यानंतरही सुधारलं नाही. फक्त आता कुणी "उद्या बघू" म्हणालं, की ती पुढे होते आणि कोरड्या आवाजात विचारते, "उद्या कुणासाठी? त्याच्यासाठी की तुमच्यासाठी?" काहीजण रागावून डॉक्टरांकडे तक्रार करतात. डॉक्टर ऐकून घेतात. तिला मात्र काही सांगत नाहीत.