दावीदमामांचा पियानो आणि तिसरा मजला

मी लातूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. अंगात येणं, स्वप्नात दृष्टान्त होणं, बंद घरातून आवाज येणं, असल्या बातम्या माझ्या टेबलावर येत आणि तिथेच संपत. दोन माणसांकडून खात्री झाल्याशिवाय ओळ छापायची नाही, ही सवय इतकी मुरलेली की घरचेही मला काही सांगताना जपून बोलत. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण दावीदमामा आता नाहीत, आणि त्यांचे आभार कुठेतरी लेखी राहायला हवेत.

दावीदमामा आमचे शेजारी. नात्याचे नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. उदगीरच्या बँडवाल्या घराण्यातले. वडील निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते, पुढे त्यांनी लग्नांत वाजवणारा स्वतःचा बँड काढला. थोरला भाऊ क्लॅरिनेट वाजवायचा, काका ट्रम्पेट. मामा चर्चच्या ऑर्गनवर शिकले आणि मुंबईला गेले. तिथल्या हॉटेलांत त्यांनी उभं आयुष्य जॅझ पियानो वाजवला. बायको गेल्यावर लातूरला परतले ते ट्रकमध्ये पियानो घालून. तो दारातून आत जाईना, म्हणून पडवीतच पत्र्याखाली राहिला. त्यांची पडवी आणि आमचं घर, दोन्हींचं अंगण एकच.

"मामा, जॅझ म्हणजे नेमकं काय ओ?" मी एकदा विचारलं होतं.

"ओळखीचं गाणं घ्यायचं, गावभर हिंडवायचं, आन् जेवायच्या टायमाला घरी आणून सोडायचं. तुमच्या पेपरवाल्यांसारखं न्हाई, तुम्ही हिंडवता आन् तिकडंच सोडता."

भूकंप झाला तेव्हा माझी धाकटी बहीण कुंदा औशाच्या पुढे एका खेड्यात शिक्षिका होती. तिची भाड्याची खोली दगडमातीची. लोकांनी तिला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. हाडं जुळली, पण तिने छताखाली जायचं सोडलं. मी तिला लातूरला आणलं, तर ती अंगणातल्या ताडपत्रीखाली राहू लागली. शाळेचं नाव काढलं की म्हणायची, "दादा, मी झाडाखाली शिकवीन. भिंतीत न्हाई." डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते सांगत नव्हते. एकोणतिसाव्या वर्षी तिचं शिकवणं कायमचं सुटणार, असं मला वाटू लागलं होतं.

मामा रोज संध्याकाळी वाजवायचे. हळूहळू कुंदा पडवीच्या पायरीवर येऊन बसू लागली. एका संध्याकाळी मामा वाजवत असतानाच धक्का बसला. पत्रे खडखडले, गल्ली रस्त्यावर धावली. मी अंगणातून ओरडलो, "मामा, उठा!" मामा उठले नाहीत. थांबलेही नाहीत. त्यांनी फक्त लय उतरवली. पळायला उभी राहिलेली कुंदा त्यांच्याकडे बघत तशीच उभी राहिली, आणि मग खाली बसली.

नंतर मी त्यांच्यावर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या बापाचा नियम हाय. वरातीत घोडं उधळू दे, मांडवाला आग लागू दे, बाजा थांबवायचा न्हाई. हळू करायचा. बाजा थांबला की माणसं पळतात, अन् पळाली की एकमेकांवर पडतात. हळू केला की चालत निघतात."

"आणि पत्रा पडला असता तर?"

"तर तुला बातमी मिळाली असती."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुंदा घरात झोपू लागली. मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली, गल्लोगल्ली खोल्या भाड्याने गेल्या. कुंदाला जीवशास्त्र शिकवायला एका क्लासमध्ये बोलावणं आलं. तिसरा मजला, एक माणूस जेमतेम मावेल असा जिना. ती गेली. मामांना त्याच सुमारास अर्धांग झालं. उजवा हात गेला, आणि पुतण्या त्यांना नांदेडला घेऊन गेला. पियानो विकला गेला.

त्यानंतरची ही घटना. भर दुपार होती, वर्ग गच्च भरलेला, वीज गेलेली. धक्का हलकाच होता, पण फळा हलला आणि सगळी पोरं उठली. कुंदाने मला स्वच्छ सांगितलं, "दादा, मी पोरांकडं बघितलं बी न्हाई. मी दाराकडं निघाले होते." आणि दारात तिला पियानो ऐकू आला. संथ, आणि आणखी संथ होत जाणारा.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे कोण वाजवून राहिलं?"

कुंदा दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "बसा. एकेक बाक उठेल." पोरं बसली, आणि बाकाबाकाने चालत उतरली. शेवटी ती उतरली. समोरच्या इमारतीच्या जिन्यात त्या दिवशी रेटारेटी झाली, काही पोरांचे हातपाय मोडले.

मी माझं काम केलं. चार विद्यार्थ्यांना वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांनी ऐकलं होतं. एकाने काहीच नाही. त्या इमारतीत, शेजारीपाजारी पियानो नव्हता. वीज नव्हती, आणि सेलवरचा टेपही कुणी लावलेला नव्हता. निदान मला तरी त्या सुरांचा उगम सापडला नाही.

रविवारी आम्ही एसटीने नांदेडला गेलो. मामा खाटेवर पडून होते. कुंदाने सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणतं गाणं?" तिने गुणगुणून दाखवलं. मामांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले. "मी कधीच वाजवलं न्हाई. बापाचंबी न्हाई."

मला वाटलं, प्रकरण इथे मिटलं. कुंदा मात्र त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. त्यांनी डाव्या हाताने तिला अडवलं.

"दुसऱ्याच्या वाजवण्याची शाबासकी मी कशी घेऊ? मधी थांबलं तर न्हाई ना?"

"न्हाई मामा. शेवटचं पोरगं उतरेपर्यंत चालू होतं."

"मग बेस. वाजवणारा कुणीबी असो, शिकलेला हाय."

"तरी तुम्हीच घ्या," कुंदा म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा पत्ता मला कुठं ठाव हाय?"

ते हसले, आणि मग तिला पाया पडू दिलं.

त्या हिवाळ्यात मामा गेले. ते सूर कुठून आले, हे मला आजही सांगता येत नाही. तर्क बरेच ऐकले: धसका, आठवण, एकाचं ऐकून दुसऱ्याला झालेला भास. मी एकही खोडून काढू शकत नाही, आणि एकही मला पटत नाही. खात्रीने लिहिता येईल अशी एकच ओळ माझ्याकडे आहे. धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला मी कुंदाला स्कूटरवर सोडलं. मागे वळून न बघता ती जिना चढून वर गेली, आणि थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिचा शिकवण्याचा आवाज येऊ लागला. तो मी खाली रस्त्यावर उभं राहून स्वतः ऐकला.