आत्याबाईंची काळी कॉफी

डार्क रोस्ट, म्हणजे काळी होईपर्यंत भाजलेलीच खरी कॉफी, असं तुम्ही नातवंडं फोनवर ऐटीत सांगता, तेव्हा मला तुमच्या आजोबांच्या आत्या आठवतात. सत्तरच्या दशकात कोल्हापूरच्या आमच्या घरात कॉफीबाबत त्यांचा शब्द अखेरचा असे, आणि त्यांना रंग एकच माहीत होता.

माझ्या नणंदेला पाहायला बेळगावची मंडळी येणार होती. आधीची स्थळं परत गेल्यामुळे पोर आधीच धास्तावलेली. मुलाची आई फक्त कॉफी पिणारी, म्हणून मी कच्च्या बिया मागवल्या. भाजायला बसल्या आत्याबाई, आणि कढई घेतली चटणीच्या मिरच्या भाजायची. पुसून घेतली होती म्हणे.

बिया तडतडल्या, साल सुटली, तपकिरी रंग आला. मी म्हटलं, आता उतरवा.

"कच्ची हाय की अजून. पावण्यांस्नी आंबट पाणी पाजतीस व्हय?"

आंबट लागते ती फिकी बी. तपकिरी झाली की गोडी येते आणि त्यापुढे नुसता कोळसा उरतो. पण इंग्रजी शिकलेल्या सुनेचं ऐकायची आमच्याकडे रीत नव्हती. मी मूठभर बिया स्वच्छ तव्यावर वेगळ्या भाजून, दळून ठेवल्या.

आत्याबाईंच्या बिया काळ्या होऊन तेलानं चकाकू लागल्या. इतकी भाजलेली बी भुसभुशीत होते, पाण्यात सगळा अर्क झटकन सोडते. ती उकळली की कडूपणाच हाती येतो. त्यांनी ती दळून चहासारखी खळखळा उकळली आणि वर जायफळ किसलं.

मुलाच्या आईनं एक घोट घेतला आणि त्या तोंडाला पदर लावून खोकत राहिल्या. नणंदेचा चेहरा उतरला. मी आत जाऊन माझी पूड कढत पाण्यात मुरवली, फडक्यानं गाळली, दूध घालून आणली. बाईंनी कप रिकामा केला आणि विचारलं, ही कुणी केली?

"ही पोरीनं," आत्याबाई म्हणाल्या. "पयली आमच्या सुनेनं केलती."

लग्न ठरलं. कॉफीच्या बीला कधी हात न लावलेल्या नणंदेला मग लग्नापर्यंत रोज दुपारी मी भाजायला शिकवलं. बेळगावात तिच्या कॉफीचं कौतुक झालं. आत्याबाई तिच्याकडे गेल्या की कप संपवून सांगत, भाजणं माझ्याकडून शिकली. आणि घरी आल्या की पुन्हा तीच मिरच्यांची कढई चुलीवर.