सदाशिवरावांच्या अँबेसिडरची कुलपं

सदाशिवराव काकाचा फोन आला का माही बायको भावना हसते. "घ्या, बिघडलं तुमच्या काकाचं कुलूप!" अन् मी चिडतो. चिडू नाई तं काय करू? देवळीच्या बसस्टँडसमोर माह्यं किल्ल्यायचं दुकान. दुकानात मी एकटा, मी उठलो का दुकान बंद. अन् काकाचं दर दोन हप्त्यानं तेच, "जयभीम नागसेन. ड्रायव्हरकडचा दरवाजा खुलूनच नाई राह्यला बावा. येजो जरा."

काका म्हंजे एका जमान्यात देवळीची शान. पांढरी अँबेसिडर भाड्यानं चालवत. माही माय त्याच गाडीत सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली अन् मले पदरात घेऊन वापस आली, हे ते मले दर खेपेले सांगते. केळझरच्या गणपतीले नवस फेडाचा, काकाची गाडी. नवरी सासरी धाडाची, काकाची गाडी. वडनेरच्या लग्नात नवरदेव रुसला, तं ह्यायनं त्याले स्टेअरिंगवर बसवून मनवलं म्हणे! अर्धी देवळी त्या मागच्या सीटवर हसली-रडली हाय.

आता घरोघरी गाड्या झाल्या. काकाची गाडी आंगणात उभी. रुख्माबाई काकू वारल्या, एकुलता मुकेश पुण्याले नोकरीवर. काका रोज गाडी पुसते, चालू करते, जराशी धुरधुर ऐकते अन् बंद करते. नेणार कोणाले?

मी गेलो का काका तयारच राह्यते. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा, चहाचे दोन कप टेबलावर. चहा असा गोड का मुंग्यायनं बी हात जोडावं. कुलपात पाहावं तं काडी अडकलेली. "गल्लीतले पोट्टे, दुसरं कोण!" काका म्हणते. मी काडी काढतो, तेल टाकतो, अन् काका बोलत सुटते. नवऱ्या, वराती, अंधारातले पंक्चर. माह्यं ध्यान अर्धं दुकानात.

त्यात कुलपं तीन अन् किल्ल्या तीन. मागं एकदा गाडी ठोकल्या गेलती, तवा दरवाजे नागपूरच्या भंगारातून आणून बसवले. ज्याची त्याची किल्ली वेगळी.

मागच्या हप्त्यात फोन आला अन् माह्यं डोस्कं फिरलं. सारी पेटीच घेऊन गेलो. म्हणलं, "काका, आज किस्सा खतम. दोन्ही दरवाजे अन् डिक्की, तिन्ही कुलपं एका किल्लीवर बसवतो. वरून पत्र्याचं झाकण लावतो. मंग कोणाच्या बापाची काडी आत जाते ते पाहू!"

मले वाटलं खूश होतीन. काकाचं तोंडच उतरलं. "काऊन? चालून राह्यलं ना."

"चालून कुठं राह्यलं? दर खेपेले मलेच पळवता!"

मी ड्रायव्हरकडचं हँडल खोललं, कुलपाची नळी बाहेर काढली. ह्या नळीत पितळेच्या बारक्या पत्त्या राह्यते, स्प्रिंगवर नाचणाऱ्या. किल्लीचे दाते त्यायले बरोबर उंचीवर आणते, तवाच नळी फिरते. किल्ली बदलाची तं पत्त्या बदला लागते. मी पत्त्या टेबलावर झटकल्या, तं त्यायच्या संगं काडीचे तुकडे पडले. खराट्याची काडी. दुसरा दरवाजा खोलला, त्यात बी तीच. सारे तुकडे एका मापाचे, सुरीनं कापलेले.

मी गल्लीत पाह्यलं. समोरच्या घराले कुलूप, बाजूच्या बी. पोट्टे होते कुठं ह्या गल्लीत? अन् पोट्टं काडी घालीन तं घालून पळीन, मापानं कापत बसन काय? मी काकाकडं वळलो. काका चहाच्या कपात पाहून राह्यलते.

मले राग आला. मरणाचा. उन्हातान्हात दुकान टाकून धावतो मी! "काका, ह्या काड्या तुम्हीच..."

"हाव," काका म्हणाले. "आता एक किल्ली झाली म्हंजे तू येणार नाईस ना?"

"कुलूप बिघडल्यावरच येते काय माणूस? तसं बलावलं असतं तं आलो नसतो?"

"बलावलं होतं. दिवाळीले म्हणलं, चिवडा खायले ये. तू म्हणला, गर्दी हाय काका. संक्रांतीले म्हणलं, तवा बी तेच. मंग दरवाजा बिघडला, तं तू लगेच हाजर." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. "लाईट गेली तं लाईनमन येते. ताप आला तं डॉक्टर येते. माह्या छातीत दुखलं, तवा मुकेश आला. बिघडल्याशिवाय ह्या घरी कोणी येत नाई, नागसेन. मंग काय बिघडवू? बाकी सारं तं आधीच बिघडून गेलं."

लय वाईट वाटलं. एवढा माणसायतला माणूस, अन् एकटा आंगणात बसून काड्या कापते.

खाली मान घालून दोन्ही दरवाजे एका किल्लीवर बसवले, झाकणं लावली. डिक्की राह्यली. काका तिच्याजवळ जाऊन उभे राह्यले. मी पान्हे गोळा करू लागलो.

"डिक्कीच्या पत्त्या संपल्या काका. वर्ध्याहून आणा लागते. सोमवारी येतो."

पत्त्यायचा डबा आम्हा दोघायच्या मधात उघडाच होता, गच्च भरलेला. काकानं डब्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मंग हळूच झाकण लावलं अन् डबा माह्या हाती देल्ला.

फाटकापर्यंत सोडायले आले. मी मोटरसायकलवर बसलो तरी हँडल सोडेनात.

"सोमवारी ना?" त्यायनं विचारलं. "मधात काई बिघडलं नाई, तरी येशीन ना?"

"येतो काका," मी म्हणलं, अन् त्यायनं हँडल सोडलं.