अकोल्याला ठेवलेले दोघं

आमचे दोन गर्भ अकोल्याच्या एका केंद्रात, नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवले होते. मार्चच्या शेवटी ते माझ्या पोटात सोडायचं ठरलं होतं, गोळ्याही सुरू झाल्या होत्या. अमरावतीच्या घरात हे फक्त नवऱ्याला आणि मला माहीत होतं. सासूबाईंना सांगितलं होतं, माझ्या पाठीचा इलाज चालू आहे.

मग कोरोनाची टाळेबंदी लागली आणि सगळं बंद झालं. डॉक्टरबाईंचा फोन आला. "गोळ्या थांबवा. सध्या कोणाचंच काही करायचं नाही, असं ठरलंय."

"मग कधी?"

"मलाच माहीत नाही हो. घाबरू नका, गोठवलेल्यांचं वय वाढत नाही."

माझं वाढत होतं. चाळिशी समोर दिसत होती. मी गहू निवडायला बसायची आणि अर्धं सूप तसंच टाकून उठायची. शाळेचे तास मोबाईलवर घेताना मुलांना एकच गणित दोनदा सांगायची. बोलायला जागा म्हणजे गच्ची. तिथेच एकदा केंद्राशी फोनवर बोलत होते आणि मागे सासूबाई, हातात वाळवणाची चादर.

"पाठीचा इलाज हाय ना?" त्या म्हणाल्या. मी फोन कापला. "मले कावून नाही सांगतलं? मी काय दुश्मन हाओ तुमची?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही माझाच रोग लागला. चहा गाळताना विचारायच्या, "अकोल्याचा फोन आला का?"

दिवाळीनंतर केंद्र उघडलं. फेब्रुवारीची तारीख मिळाली, तोच अमरावती पुन्हा बंद झाली. मग एप्रिलमध्ये टीव्हीवर ऑक्सिजनची ओरड सुरू झाली. नवऱ्याच्या कानावर आलं, की गॅसचे कारखाने आता फक्त ऑक्सिजनच भरताहेत. आमच्या टाकीत नायट्रोजन कोण घालणार? केंद्राचा फोन नुसता वाजत होता. लोक श्वासासाठी तडफडत असताना मी हे कोणत्या तोंडाने विचारणार, असंही वाटायचं. तरी बसवत नव्हतं.

"चाला, पाहून येऊ," सासूबाईच म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी गाडीत जाऊन बसल्या.

मूर्तिजापूरच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. "पास? पेशंट कोन हाय?"

नवरा गाडीचे कागद शोधू लागला. सासूबाईंनी मास्क खाली ओढला. "बिमार कोनी नाही, भाऊ. आमचे दोघं जण अकोल्याले ठेवले हायेत, त्याइले पाहाले जाऊन राहिलो."

"कोन्या दवाखान्यात भरती हायेत?"

"भरती नाही. अजून जन्मले नाहीत."

तो शिपाई आमच्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मावशी, पासशिवाय मी सोडू नाही शकत. वापस जा." नवऱ्याने गाडी वळवली. परतताना मी खिडकीची काच वर करत होते, खाली करत होते.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी फोन उचलला. त्या स्वतःच आजारी होत्या, आवाज खोल गेलेला. "टाकी भरलेली आहे. आम्ही तिच्यावर लक्ष ठेवून आहोत." सासूबाईंनी तो फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "तुमी आदी स्वतःले सांभाळा, बाई."

पावसाळ्यात दोन्ही गर्भ सोडले. रुजले नाहीत. नव्याने करायचं ठरवलं, तर तपासणीत कळलं, माझी स्त्रीबीजं आता फार कमी उरली आहेत.

"वेळेवर झालं असतं तर?" मी डॉक्टरबाईंना विचारलं.

त्यांनी रिपोर्ट मिटला. "कदाचित. नक्की सांगता येत नाही."

आम्ही प्रयत्न थांबवले. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात चुलतसासूने मला विचारलं, "काही गोड बातमी?" तेवढ्यात सासूबाई मधे आल्या. "तिले जेवू दे," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या पानात वांग्याची भाजी वाढली. मी जेवले. पण त्या 'कदाचित'नं मला अजूनही एका जागी फार वेळ बसू दिलेलं नाही.